खुर्चीखालचा चुना

…अन् वरून म्हनते काय, तोंड उघडा! तुमाले सांगतो, पन्नाशीचा मानूस मी, हातात भाजीची थैली, पायातली चप्पल बी काढली नाई, अन् दारातच 'आ' करून उभा! शेजारचे पाहून राह्यले, दूधवाला गाडी थांबवून पाहून राह्यला, अन् माही बायको हर्षा मोबाईलचा टॉर्च लावून आत पाहून राह्यली… 'जीभ वर करा. डावा गाल दाखवा. आता उजवा.' अवं, गाल हाय का संत्र्याचं गोदाम? काय सापडन तिथं? म्हने, खर्रा सापडन! मी म्हनलं, नाई खाल्ला. ती म्हनते, मंग तुमच्या खुर्चीखाली चुना कुठून आला? मी म्हनलं, अवं तो चुना नाई, सशाची लघवी हाय! …आता तुमीच सांगा बाप्पा, ससा चुना मुतते, हे कोन मानीन?

थांबा, बैजवार सांगतो. खर्रा काय असते ते आमच्या अमरावतीत कोनाले सांगा लागत नाई, पन तुमच्यात कोनी पुन्याबिन्याकडचं बसलं असन त सांगतो. सुपारी, तंबाखू अन् चुना, पन्नीत घालून घोटायचा, गालात ठेवायचा, अन् मंग दिवसभर कोनी काही इचारलं की नुसतं 'हूं' म्हनायचं. मी बी खायचो. पन सोडला ना! आमची प्रणाली, एकुलती एक पोट्टी, पुन्याले शिकाले निघाली तवा भर बसस्टँडवर तिनं माहा हात धरला, सोताच्या डोक्शावर ठेवला अन् म्हनते, 'बाबा, माही शपथ हाय, आता खर्रा नाई.' तुमाले सांगतो, त्या दिवशीपासून मी खर्र्याच्या टपरीकडं पाहून रस्ता बदलतो. पोरीच्या डोक्शावर हात ठेवून कोन खोटं बोलन हो? अन् जाता जाता पोट्टी म्हनते, 'बाबा, शपथ अन् ससा, दोन्ही तुमच्या भरोशावर ठेवून जाऊन राह्यली.'

ससा म्हनजे बोंड्या. कपाशीचं बोंड फुटल्यावर जसं दिसते ना, तस्साच पांढरा, गुबगुबीत, म्हनून पोट्टीनं नाव ठेवलं बोंड्या. पिंजरा हाय त्याले, पन त्यात तो राहते कुठी? घरभर फिरते. अन् सारं घर पडलं असताना लेकाच्यानं आपल्या कामासाठी जागा कोनती निवडावी? माही खुर्ची! खिडकीजवळची! जिथं बसून मी पैले खर्रा घोटत होतो, नेमकी तीच! दिवान होता, बाल्कनी होती, पाहुन्यांची चप्पल होती… नाई, माही खुर्ची!

तर एक दिवस हर्षा झाडून राह्यली, अन् खुर्ची सरकवली त खाली पांढरे ठिपके. वाळलेले, खडूसारखे. तिनं नखानं खरवडलं, तळहातावर घेतलं, बोटानं चोळलं, अन् माह्याकडं असं पाह्यलं की मी न केलेल्या गोष्टी बी मले आठवाले लागल्या. म्हनते, 'पोरीच्या शपथेचं बी काही वाटलं नाई तुमाले?' मी म्हनलं, अवं, मले काय माहीत ते काय हाय! मंग तिनं फोन लावला माहेरी. माही सासू, मैनाबाई, दर्यापूरकडची. पानाची मोठी शौकीन. साठ वर्षं चुना हाताळलेली बाई! ती दुसऱ्याच दिवशी यष्टीनं आली, थैलीत शेवग्याचा पाला घेऊन, चहा बी घेतला नाई, सरळ खुर्चीपाशी बसली. बोटाले थुकी लावली. ठिपक्यावर टेकवलं. अन् तुमाले सांगतो, मी 'मामी, मामी' म्हनेपर्यंत… चाटलं! डोळे मिटले. जिभेवर घोळवलं. मंग म्हनते, 'जुना हाय. पन चुनाच हाय, जवाईबापू.'

झालं! निकाल लागला! आता चाटून दिलेल्या निकालावर अपील कुठी करता? भांडनापुरतं सोडून हर्षानं बोलनं सोडलं. जेवनाचं ताट यायचं, पन ताटासोबत आवाज नाई. मीठ पाहिजे असलं त मी भिंतीले सांगायचो, 'मीठ कमी हाय वाटते.' अन् पोट्टीले फोनवर काही सांगायची सोय नाई, तिची परीक्षा. हर्षा म्हनते, 'परीक्षा झाली की मीच सांगतो तिले, तिच्या बाबानं काय केलं ते.' तुमाले खरं सांगतो, सासू चाटो, बायको रुसो, मले चालते. पन पोट्टी येऊन माह्याकडं पाहीन, काही बोलनार नाई, अन् आत निघून जाईन… ते काही मले सहन होनार नव्हतं. लय जीव घाबरला माहा.

अन् त्यातच बोंड्या आजारी. खाईना. कोपऱ्यात पाठ फुगवून बसला, दात कराकरा वाजवून राह्यला, जोर लावून राह्यला, अन् मांगून नुसतं ओलं. मी म्हनलं, गेलं! शपथ बी गेली अन् ससा बी जाते! शेजारी कुर्बानभाऊ राहते, वरूडची संत्री नेते त्याची छोटी गाडी. तो म्हनते, 'श्यामभाऊ, टेन्शन नको लेऊ. अपनी भांजी नगमा है ना अकोल्यात, जानवरों की डॉक्टर. चल, बैठ.' संत्र्याच्या कॅरेटात खाली गोधडी, गोधडीत बोंड्या, कॅरेट माह्या मांडीवर, अन् बडनेऱ्याच्या पुढं सारा रस्ताभर कुर्बानभाऊ एका हातानं गाडी चालवते अन् दुसऱ्या हातानं खर्रा घोटते! मी म्हनलं, भाऊ, आज तरी ठेव बाप्पा, माह्या अंगाले वास लागन. म्हनते, 'तू कहाँ खाता है? तेरे को क्या डर!' आता याले काय सांगू?

डॉक्टर नगमा, तरुन पोरगी, पन हुशार. एक्सरेचा फोटो काढला, पोट दाबून पाह्यलं, अन् म्हनते, 'काका, याच्या लघवीच्या पिशवीत कॅल्शियमचा चिखल साचलाय. अजून खडा नाही झाला, वेळेवर आणलंत. खायला काय देता?' मी म्हनलं, काय म्हनजे… कोथिंबीर. जराशी. रोज. ती म्हनते, 'घरातले बाकीचे?' मी घरी फोन लावला. हर्षा सशासाठी तेवढी बोलली. म्हनते, मी मेथी देतो ना, भाजी निवडता निवडता, अन् पालक. मांगून सासू ओरडते, 'मी शेवगा देतो! हाडाले चांगला असते!' अन् कुर्बानभाऊ मान खाजवून म्हनते, 'अपनी घरवाली आयशा बी देती है, बकरीचा लसूनघास. बोलती है, बेचारे को कोई पूछता नहीं.' तुमाले सांगतो, ससा एक अन् वाढनारे चार! अन् चारही जनांले वाटते की बाकीचे उपाशी मारून राह्यले! आमच्या वऱ्हाडात पाहुन्याच्या ताटात 'नोको नोको' म्हनता म्हनता अजून एक पोळी टाकतेत, ते मानसाले चालते, तो ताटावर हात आडवा धरू शकते. सशानं काय धरावं?

मंग म्याडमनं समजावलं. म्हनते, 'काका, आपण कॅल्शियम जास्त खाल्लं तरी शरीर लागेल तेवढंच घेतं. सशाचं तसं नाही. जेवढं खाईल तेवढं सगळं रक्तात जातं, अन् जास्तीचं लघवीतून बाहेर पडतं. म्हणून लघवी पांढरी होते, अन् वाळली की…' मी खुर्चीवरून उठलो! म्हनलं, थांबा म्याडम, वाळली की काय? 'वाळली की खडूसारखी. चुन्यासारखी म्हणा.' तुमाले सांगतो, तिकडं बोंड्याले सलाईन लागून राह्यलं अन् इकडं माह्या डोळ्यात पानी! कुर्बानभाऊले वाटलं सशासाठी रडून राह्यला. अरे, मी निर्दोष सुटलो होतो बाप्पा! निर्दोष!

पन सुटलो कुठी? घरी आलो, दारातूनच ओरडलो, हर्षे, तो चुना नाई, बोंड्याची लघवी हाय! तिनं पैले माहा शर्ट हुंगला. अन् शर्टाले वास कुर्बानभाऊच्या खर्र्याचा! म्हनते, 'खर्रा खाऊन आले, अन् नाव मुक्या जनावराचं घेता? गाईची पांढरी असते का? म्हशीची असते का? मंग सशाचीच काहून?' मी मोबाईलवर दाखवलं. म्हनते, 'मोबाईलवर काल दगडं तरंगताना दाखवले.' मी म्याडमले फोन लावून स्पीकरवर ठेवला. म्याडम म्हनली, 'हो काकू, पांढरी असते.' हर्षा म्हनते, 'बरं बाई.' फोन ठेवला अन् म्हनते, 'कुर्बानभाऊचीच भाची ना? अन् कुर्बानभाऊ काय खाते, साऱ्या गल्लीले माहीत हाय.' तवापासून बाहेरून आलो की दारातच टॉर्च अन् 'आ', ते सुरुवातीले सांगितलं ना, तेच. …सांगा, डॉक्टर म्हनते तरी, ससा चुना मुतते, हे कोन मानीन?

अन् आतली गोष्ट सांगू? कोनाले बोलू नोका. मले लय ओरडून सांगता बी येईना. काहून? कारन ते सशाचं हाय हे जर सिद्ध झालं… तर सासूनं काय चाटलं? बुढी ओसरीत बसून पान लावते, माह्याकडं पाहून म्हनते, 'माही जीभ चुकत नाई, जवाईबापू.' मी म्हनतो, होव मामी. दुसरं काय म्हनू?

पन एक हाय, औषधपान्यात हर्षानं कसूर केली नाई. म्याडमनं सांगितलं तसं सारं सुरू. मेथी बंद, पालक बंद, शेवगा बंद, लसूनघास बंद. आयशाबी भिंतीवरून घास टाकाले आली की हर्षा हात जोडते, 'भाभी, बकरीलेच द्या.' साधं वाळलं गवत, तेही कुर्बानभाऊ धारनीकडून कोन्या जीपच्या टपावर बांधून आनवते. जराशी काकडी, जराशी ढोबळी मिरची. अन् कॅल्शियम साफ बंद बी करायचं नाई म्हने, दात अन् हाडं आहेत. म्हनजे जास्त नाई, कमी नाई! माहा पगार मले असा मोजता आला नाई कधी! अन् पानी भरपूर प्यायला पाहिजे, म्हनून घरातल्या फिल्टरचं पानी बोंड्याले अन् बोअरचं जड पानी आमाले. सासू म्हनते, 'आमी खारपानपट्ट्यात खारं पानी पिऊन बुढ्या झालो, हा कोन नवाब आला?' पन वाटी तीच भरून ठेवते.

अन् बोंड्या सुधारला! खाऊन राह्यला, उड्या मारून राह्यला, खुर्चीखाली आपलं काम करून राह्यला. अन् खुर्चीखाली काय? काहीच नाई! पुसलं की साफ! फरशी लख्ख! हर्षा रोज खुर्ची सरकवून पाहते, अन् रोज तिचा चेहरा उजळत जाते. एक दिवस ताटात न मांगता मीठ आलं. मंग भाकरीवर लोनी आलं. मंग आवाज बी आला. म्हनते, 'सोडला ना एकदाचा? बोलले नाई, पन मले समजलं.' अवं, काय सोडला? मी काय खात होतो सोडाले?

त्या दिवशी मी बाजारातून मेथीची जुडी आनली. तुमाले सांगतो, पिंजऱ्यासमोर बसलो जुडी घेऊन. डोक्शात हिशोब साधा: दोन-चार दिवस मेथी चारायची, पांढरी धार लागली की हर्षाले बोलवायचं, पाह्य म्हनायचं, आपल्या डोळ्यानं पाह्य! बोंड्या आला, जाळीले नाक लावलं, मिशा हालवून राह्यला, मेथीचा वास आला ना त्याले. अन् मले तो अकोल्याचा बोंड्या आठवला. कॅरेटात दात वाजवत बसलेला. नाई झालं माह्याच्यानं. पोट्टीनं शपथ अन् ससा, दोन्ही सोपवले होते. म्हनलं, शपथ माही मले माहीत हाय, ससा तेवढा वाचू दे. जुडी उचलली अन् भिंतीवरून आयशाबीच्या बकरीपुढं टाकली.

मंग काय! पोट्टी परीक्षा देऊन आली त हर्षानं तिले दारातच सांगितलं, 'बाबानं खर्रा सोडला.' पोट्टी म्हनते, 'बाबा, तुमी खाऊन राह्यले होते?' हर्षा म्हनते, 'खात होते, पन तुह्या शपथेपायी सोडला.' अन् पोट्टी गळ्यातच पडली हो! आता गळ्यात पडलेल्या पोरीले मी सशाच्या लघवीचं सांगत बसू?

अन् गोष्ट तिथं बी थांबली नाई. आमच्या कॉलनीच्या देवळात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम, खुशालराव अध्यक्ष, अन् सत्कारमूर्ती कोन? मी! जो खर्रा मी खाल्लाच नाई, तो सोडला म्हनून! सासू माईकवर जाऊन म्हनते, 'मी चाटून ओळखलं होतं!' टाळ्या! खुशालरावानं शाल घातली, नारळ दिला, अन् प्रणाली बोंड्याले घेऊन वर आली. म्हनते, 'बाबा, याच्यासंग फोटो काढू.' दिला माह्या हातात. एवढे लोक पाहून घाबरला बिचारा… अन् शालीवर! सर्रकन! मी मनात म्हनलं, देवा, आत्ता! साऱ्या कॉलनीसमोर, हर्षासमोर, पांढरी येऊ दे, एकच ठिपका येऊ दे! डोळे फाडून पाह्यलं…

पान्यासारखी! निर्मळ! हर्षानं पदरानं पुसलं, डाग बी नाई राह्यला. हसून मले हळूच म्हनते, 'पाह्यलं? उगाच लेकराचं नाव घेत होते.' खुशालराव म्हनते, दोन शब्द बोला, कसा सोडला ते सांगा. समोर पोट्टी, डोळ्यात पानी, टाळ्या वाजवाले हात तयार. मी माईक धरला. म्हनलं, 'मंडळी, लय कठीन गेलं. पन सोडला.' अन् दुसरं काय म्हनू, सांगा? ससा चुना मुतते, हे कोन मानीन? बायकोनं मानलं नाई, सासूनं मानलं नाई… अन् ती शाल उन्हात वाळल्यावर उलटीपालटी करून पाह्यली, एक बी ठिपका नाई, तवापासून तुमाले सांगतो, मी बी मानत नाई.