तोरगेरकडचं विरजण

फेरीबोटीच्या रांगेत सिगरुनच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची मुलगी उभे होते. त्यांच्या पायाशी माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचं, पोतं होतं.

“लग्नाची बिअर आहे, गुनवोर. माल्ट एवढं फिकट कशाला घेतलंस?”

“फिकटच हवं, बाबा. चार तास उकळलं की आपोआप तांबूस होतं. तुम्हीच शिकवलंत.”

“आणि हॉप्स?”

“मूठभर. आपल्या बिअरला कडूपणा नको, जुनिपरच्या डहाळ्यांचा वास हवा.”

“सगळं खरं, पण विरजणाचं काय? पणजोबांपासूनचं आपलं यीस्ट मेलं. दुकानातल्या पुडीची बिअर मी पाहुण्यांना पाजणार नाही.”

“पुडी हवीय कुणाला? आपलंच यीस्ट आणलंय. हे बघा, बरणीत.”

“कुठून?”

“तोरगेरकाकांकडून. भांडण व्हायच्या आधी तुम्हीच दिलं होतंत ना त्यांना? त्यांनी जपून ठेवलंय.”

बोट धक्क्याला लागली, तरी म्हाताऱ्याचा पाय उचलेना. सिगरुनही त्याच्यामागे थांबून राहिली.

“मला न विचारता त्याच्या दारात गेलीस?”

“विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंत?”

“काय म्हणाला?”

“म्हणाले, तुमचंच आहे, घेऊन जा. मग हळूच विचारलं, लग्नाला बोलावणार का?”

“आणि तू?”

“हो म्हटलं. लग्न माझं आहे.”

म्हाताऱ्याने बरणीचं झाकण उघडलं आणि ती बराच वेळ नाकाशी धरली.

“नुसतं लग्नाला कशाला? लग्नाआधी पिंपाचं बूच काढू, त्या दिवशीच बोलाव त्या गाढवाला. पहिला पेला त्याचा.”