शून्य केलेली डिस्क

(दवाखान्याच्या तळघरातली मशीनची खोली. पंख्यांची घरघर.)

डिस्कवाला : नाही जमणार, साहेब. डिस्कने दहा चुका केल्याशिवाय आम्ही वॉरंटीत ती बदलून देत नाही. स्क्रीनवर सात दिसतायत.

साहेब : अहो, पण सकाळपासून कुरकुरतेय ती. पेशंटचे सगळे एक्स-रे तिच्यावर आहेत. काकू, तुम्ही सांगा ना यांना.

काकू : मी काय सांगणार? मी आपली प्रोग्राम लिहिणारी बाई. चुका मोजतो तो कर्नल, सिस्टिमचा गाभा. माझा प्रोग्राम त्याचे आकडे वाचतो. आणि वरून हुकूम आला, तर लिहितोही.

साहेब : तो विषय आत्ता नको.

डिस्कवाला : कसला विषय?

काकू : गेल्या आठवड्यात मशीनची तपासणी होती. चुकांनी शंभरी ओलांडलेली. साहेब म्हणाले, चारचौघांत शोभत नाही, शून्य करा. केलं.

डिस्कवाला : आकडा पुसला म्हणून डिस्क बरी होते होय?

काकू : थर्मामीटर झटकला की ताप उतरतो, अशी आमच्याकडे रीत आहे. माझ्या पहिल्या नोकरीत एका साहेबांनी मशीनचं तापमान इतकं खाली लिहायला लावलं, की पंख्यांनी राजीनामे दिले आणि खोलीतले उंदीर स्वेटर मागायला लागले. मशीनचा मात्र कोळसा झाला.

साहेब : पुराण पुरे. जुना आकडा परत लिहा. तो तर खरा होता ना?

काकू : लिहिते की. शंभर लिहू का दीडशे? तुम्ही म्हणाल ते खरं.

डिस्कवाला : माझ्यादेखत? मग मी तो धरू कसा, बाई?

साहेब : बरं, राहू दे वॉरंटी. आपणच नवी विकत आणू.

काकू : आणा. फक्त मालकांना सांगा, तपासणीत एकही चूक नसलेली डिस्क आठवड्यात का बदलली ते.

साहेब : निदान दुसरीकडे कॉपी तरी असेल?

काकू : मी मागितली होती. तुम्हीच म्हणालात, चुका शून्य आहेत, मग कॉपी कशाला. शून्य लिहायला लावलंत तुम्ही, आणि वाचून निर्धास्त झालात तेही तुम्हीच. त्या उंदरांना बरी अक्कल होती.

साहेब : मग आता करायचं काय?

डिस्कवाला : मी चहा पिईपर्यंत थांबतो. तेवढ्यात आणखी तीन झाल्या, तर नवी डिस्क गाडीतच आहे. जेवढं वाचतंय तेवढं तिच्यावर उतरवू.

साहेब : किती झाल्या?

काकू : सातच.

साहेब : पुन्हा बघा.

काकू : बघतेच आहे. चूक व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला साहेब पहिल्यांदाच बघतेय.

साहेब : मारा टोमणे, पण नजर तिकडे ठेवा.

काकू : आठ.

साहेब : झाली ना? चला, आता दोनच.

डिस्कवाला : साहेब, एक चूक म्हणजे कुणाचा तरी एक्स-रे वाचता आला नाही.

साहेब : कुणाचा?

काकू : ते कर्नल सांगत नाही, साहेब. तो फक्त किती गेले ते मोजतो. नऊ.