माफी प्रचारात येते का

—नाही हवालदार भैया, ही चुन्याची लाइन काहून मारली ते मले नका सांगू, रेल्वेत होतो मी, आठ इलेक्शनच्या ड्यूट्या केल्या. तुमची आई नागपूरची म्हणालात ना, मग समजते माझी मराठी—ऐका. शंभर मीटरच्या आत मत मागायचं नाही, बिल्ला नाही, भोंगा नाही, दंगा नाही. मी काय करून राहिलो? उभा आहो. मत देऊन झालं, आता निघा म्हणता—निघतो, पण बायको आत आहे माझी.

हव, तीच, काळ्या चष्म्याची. इंदू. बारा वर्षं झाली, दिसत नाही तिले. संगं गेली ती मीनल, आमच्याच मोहल्ल्यात, बुढापाऱ्यात, शिवण शिकवते. नवरा बाहेर अन् शेजारीण आत, काहून? कायदाच आहे—आंधळ्या माणसासंगं एकच जण जाते, अन् कोण, ते त्यानं ठरवायचं. मागच्या विधानसभेले मीच गेलो होतो. तेव्हा आपलं राज्य वेगळं झालं नव्हतं, भोपाळचंच होतं; मताची मशीन नव्हती, कागदावर शिक्का होता. ही मीनल अपक्ष उभी होती, निशाणी शिलाई मशीन. इंदू कानात म्हणाली, शिलाई मशीनवर मारा. आता सांगा, ती काय निवडून येणार होती? मत वाया कशाले घालवायचं—मी मारला माझ्या पार्टीवर, अन् तिले म्हटलं, मारला. कोणाले कळलंही नसतं. पण तळ्याकाठच्या टपरीवर चहा पिता पिता आमच्या दोस्तापाशी, श्यामरावांपाशी, हसलो—आमच्या घरची दोन्ही मतं माझीच. संध्याकाळपर्यंत गोष्ट इंदूच्या कानावर गेली. तिचं मत तिच्या मनासारखं मारीन, गुप्त ठेवीन म्हणून सही केली होती भैया. ड्यूटीवर लोकांकडून तीच सही घेणारा माणूस मी.

भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं. त्या दिवसापासून माझ्याशी हिंदीत बोलते. मीनलशी मराठी, दूधवाल्याशी छत्तीसगढी, अन् माझ्याशी—‘खाना रख दिया है, खा लीजिए.’ पाच वर्षांत ‘अहो’ ऐकलं नाही मी. घरात दोघं आहो, पण मले फार एकटं वाटते—कोणाले सांगू हे, तुमाले सांगून राहिलो.

घरी विषय काढला की उठून जाते. म्हणून ठरवलं, जिथं चुकलो तिथंच माफी मागायची, चार लोकांसमोर. माफी मागणं प्रचारात येते का? सांगा ना. कोणत्या कलमात लिहिलं आहे? मले इथून कोणी हटवू शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही.

आली पहा. स्वतःच्या हातानं बटन दाबलं असन आज, मीनलनं फक्त बोट नेऊन ठेवलं असन. हसून राहिली—पाहून राहिले ना तुम्ही? किती हसून राहिली. घरी नाही हसत अशी.

—नाही नाही, हाक नका मारू. मी घरी गेलो असंच वाटते तिले. जाऊ द्या हसत. अन् मले काही विचारू नका आता, भैया. आवाजावरून ओळखते ती.