डिसेंबरातल्या होळीबाबत

नाव: प्रताप तुळशीदास खैरनार. वय: ४४. व्यवसाय: मीना अल-अहमदी येथील रिफायनरीत कंत्राटदाराकडे इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. राहणार: एगैला, कुवेत, मूळ गाव नाशिक.

ठाण्यात समक्ष हजर होऊन, दुभाषी मेधाबाईंमार्फत विचारल्यावरून मराठीत सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी चारुशीला हिच्यासह राहतो. ती फिजिओथेरपिस्ट आहे. लिथुआनियाचे श्री. विटास हे रिफायनरीत वेल्डिंग तपासनीस असून खांद्याच्या दुखण्यासाठी तिच्याकडे येत. खांदा बरा झाला. येणे थांबले नाही.

विटास ख्रिस्ती नाहीत. त्यांच्या देशात पूर्वी सूर्य, अग्नी आणि ओकचे झाड पुजत. ती पूजा हल्ली काहींनी पुन्हा सुरू केली आहे, त्यांपैकी ते एक. ही माहिती मला पत्नीने दिली. रोज जेवताना दिली. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या अग्नी पुजतात, त्याचे तिला कधी कौतुक वाटले नव्हते. कानामागून आला आणि तिखट झाला, असे माझे मत आहे.

आज शनिवारी, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, सूर्यासाठी आग पेटवायची म्हणून वाळवंटात भाड्याचा तंबू घेतला होता. मी, पत्नी, विटास आणि आमच्या ओळखीचे बाळासाहेब असे चौघे होतो. पत्नीने पुरणपोळ्या केल्या होत्या. गेल्या होळीला आमच्या घरी पुरण शिजले नव्हते. तिला ड्युटी आहे असे कारण मिळाले होते. पहिली पोळी तिने आगीत टाकली, दुसरी विटास यांच्या हातावर ठेवली. मी डबा उघडून माझी घेतली.

बाळासाहेब गावाकडच्या एका पक्षासाठी खटपट करतात. ते म्हणाले, "वहिनी, सांगा त्यांना, आपण मोठे भाऊ, हे धाकटे. जगातले सगळे मूर्तिपूजक एका झेंड्याखाली आले पाहिजेत. एक फोटो काढू, गावाकडे पाठवतो." पत्नीने ते इंग्रजीत सांगितले. विटास म्हणाले, "आमच्याकडे निवडणुकीत एका पक्षाने आमचा सूर्य पोस्टरवर छापला. खाली लिहिलं, परक्यांनो, चालते व्हा. मी तो गट सोडला. इथे तर मीच परका आहे. फोटो नको."

यावर पत्नी "वा!" म्हणाली. लग्नानंतर तिने मला उद्देशून असे म्हटल्याचे स्मरत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. होळीत एखाद्याच्या नावाने बोंब मारली तर तो रागावत नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी तोंडावर पालथा हात मारून "विटासच्या नावानं बो बो बो!" अशी बोंब ठोकली. फोटो हुकल्याने बाळासाहेबही सामील झाले. विटास यांना तो पूजेचाच भाग वाटला. त्यांनीही पालथा हात तोंडाला लावून स्वतःच्याच नावाने बोंब मारली, आणि ती आमच्यापेक्षा मोठी होती. पत्नी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

शेजारच्या तंबूतील लोकांना निदर्शने वाटून त्यांनी पोलिसांना कळवले. पोलिसांनी विचारले, हे काय चालले आहे? मी विटास यांच्याकडे बोट दाखवून, ही राजकीय सभा आहे आणि पुढारी हे आहेत, असे हिंदीत व इंग्रजीत सांगितले. पत्नी म्हणाली, "प्रताप, तुला कळतंय का काय बोलतोयस?" मला कळत होते.

परवानगीविना राजकीय सभा भरवणाऱ्याचा इकामा, म्हणजे येथे राहण्याचा परवाना, रद्द होऊन त्याला देशाबाहेर पाठवतील, असे आम्हाला ठाण्यात आणल्यावर अधिकाऱ्यांनी समजावले. त्यावर पत्नी म्हणाली, "तंबू मी घेतलाय, आग मी पेटवली. त्यांना सोडा, मला पाठवा." तिने माझ्याकडे पाहिले नाही.

तरी आता विचारल्यावरून सांगतो की, सभा नव्हती. बाळासाहेब बोलले ते कोणी मनावर घेतले नाही. विटास यांनी राजकारणाला नकारच दिला. पुढारी कोणी नव्हते, ते मी रागाने म्हणालो. पहिली बोंब माझी. ती आमची होळी होती.

होळी मार्चमध्ये असते असे मेधाबाई म्हणतात, याबाबत काय म्हणणे आहे, असे विचारल्यावरून सांगतो की, मार्चमध्ये आमच्या घरी राहून गेली होती.

पत्नी बाहेर बाकावर बसली आहे. तिच्या अंगावरील राखाडी लोकरी जाकीट विटास यांचे असून ते त्यांना आजच परत मिळावे. माझे गाडीत आहे.

विटास यांना सोडण्यासाठी ओळखीच्या माणसाची हमी लागते, ती मी देत आहे. नाते विचारल्यावरून, विटास माझ्या कुटुंबाचे मित्र आहेत, असे लिहून घ्यावे.

हा जबाब मेधाबाईंनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. शेवटचे वाक्यही बरोबर आहे. ते पुन्हा वाचू नये.

सही: प्रताप तु. खैरनार