जुन्या गाडीचा कौल

कणकवली स्टँडवर अप्पा पुस्तक वाचत होते. मागच्या बाकावरची बाई नवऱ्याला विचारू लागली आणि त्यांचं पान उलटायचं राहून गेलं.

“देवाक कौल लावलात मा? गाडी घेऊ म्हणान?”

“लावलंय. उजवो दिल्यान, घेवा म्हणान.”

“मगे कसालची ती जुनी सिडॅन नक्की करा. माझ्या गुडघ्यांका एस्टीची पायरी झेपणा नाय.”

“मगे मी आणखी इचारलंय, जुनी चलात काय?”

“आणि?”

“डावो.”

“देवान होय म्हटल्यान, तर गप उठान येवचा सोडून! नवीचे पैशे देव देतलो?”

“आता काय करूया गो?”

“माझ्या माहेरच्या देवीक इचारूया.”

“ती पण नाय म्हणाली तर?”

“म्हणाची नाय. तिका मी ल्हानपणापासून वळखतंय.”

“मगे नेमका काय इचारूचा?”

“तुमी काय्येक इचारू नकात. तुमी भायर चपला राखा.”