उतारावरची गाडी

अकोल्यात मे महिन्याचं ऊन भाजून काढत होतं. कचेरीसमोर सावली होती ती फक्त चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उतारावर, आणि तिथं साहेबांची मोटरसायकल उभी होती. तिच्या मागे आपली चाकाची खुर्ची आडवी लावून दुर्गाबाई बसल्या होत्या. पायऱ्यांवरच्या रांगेत उभा असलेला मोतीराम कान टवकारून ऐकत होता.

"मावशी, खुर्ची सरकवा," कचेरीतून बाहेर आलेले साहेब म्हणाले. "मले जेवाले घरी जायचं हाय."

"मले वर यायचं हाय. पहिले गाडी काढा."

"तुमी सरकल्याशिवाय गाडी निघन कशी?"

"अन् गाडी निघाल्याशिवाय मी वर येऊ कशी? इथं ठेवलीच काहून?"

"उन्हात सीट तापते ना, मावशी. बसवत नाही."

"अन् माह्या खुर्चीची सीट काय बर्फाची हाय?"

"काम काय हाय तुमचं?"

"पेन्शनच्या कागदावर तुमचा शिक्का. घाई नाही. मी डबा घेऊन आली."

साहेब वर गेले, शिक्का घेऊन आले आणि गाडीच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी तो दणकन मारला.

"झालं? सरका आता."

"माहं झालं. पण त्या रांगेतल्या भाऊच्या पायाले लय तरास हाय. त्याचंबी इथंच करून द्या."

साहेबांनी वळून पाहिलं. धडधाकट मोतीराम उजवा पाय ओढत लगबगीनं पायऱ्या उतरत होता.

"कोणत्या पायाले?"

"डाव्या," दुर्गाबाई म्हणाल्या.

मोतीरामनं तिसऱ्या पायरीवर पाय बदलला.