परत फिरायचा स्टॉप

ड्यूटीवरून परतणाऱ्या नर्सबाईंनी बसमध्ये डुलकीसाठी डोळे मिटले खरे, पण पुढच्या सीटवरचं जोडपं बोलायला लागलं आणि त्यांनी कान टवकारले.

"अहो, इस्त्री बंद केली ना मी?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, असल्या शंकेला उत्तर द्यायचं नाही."

"वर्षभर बरी होते की हो. पुन्हा कुठून उपटलं हे?"

"मागेही आलं होतं, गेलंच ना?"

"तेव्हा पुढच्याच स्टॉपवर उतरून घरी पळायचो आपण."

"उतरायचंय?"

"जीव वरखाली होतोय. पण नको. लेक वाट बघत असेल."

बस थांबली, सुटली.

"गेला बघ स्टॉप. जमलं की तुला."

"जमलं खरं."

"मी काय म्हणतो, इस्त्री बंद होती ना गं?"

"बसा गप. जाईल ते आपोआप."